झोका मागे गेला की विझणारे दिवे

इकडे ये बापू. जवळ बस. असा दारात उभा राहून बोलू नकोस. आणि आधी मान वर कर. मोठी बहीण बोलत असताना तुझे डोळे कायम त्या दिव्यांवर. जन्मभर मी तुझ्या टाळूशी बोलले. आता जरा तोंडाकडे बघ, कारण मला बरंच बोलायचंय, आणि तू असा मधूनच उठून गेलास हे मला अजिबात पटलेलं नाही.

माणसं भेटायला येतात, चहा घेतात आणि तू किती चांगला होतास ते मला सांगतात. कुणाचा रेडिओ तू कसा लगेच नीट करून दिलास, कुणाच्या लग्नात पावसात भिजत लाउडस्पीकर कसा चालू ठेवलास. मी मान डोलावते. चांगला होतास, मला का ठाऊक नाही? कडेवर घेऊन फिरवलाय तुला. पण चांगला माणूस भांडण अर्धं टाकून जातो का, ते सांग.

मी अजून धुळ्यातच आहे, तुझ्याच घरात. जळगावहून तुझ्या दाजींचे निरोप येतात, स्वयंपाकाचं माझं मी बघतोय, पण येणार कधी? मी कळवलं, माझं काम राहिलंय. काय काम ते कळवलं नाही. तेव्हा त्यांना काय सांगणार होते, की बापूच्या टेपवरचं मायचं शेवटचं गाणं तसंच राहून गेलंय, माय रोज दुपारी ते मागते, आणि मायचा कान आता दिवसागणिक जातोय? काल तुझ्या बायकोच्या, सुमनच्या हातून पितळी ताट फरशीवर पडलं. शेजारचा गिरणीवाला दारात येऊन बघून गेला. माय समोर बसून शेंगा निवडत होती, तिनं मान वळवली नाही.

म्हणून घाई आहे मला. आणि घाई असली की मी जास्त बोलते, ते तुला माहीत आहे.

त्या आखाजीचं, त्या अक्षय्यतृतीयेचं तुला आठवतं ना सगळं? मी माहेरी आले होते. भडगावच्या अलीकडे उतरून गिरणा नदीच्या काठानं चालत यायचं, तसा तूही आलास, आणि तो सुटकेसएवढा टेपरेकॉर्डर खांद्यावर. म्हणालास, बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो होतो, कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट मागत होता. निंबाला झोका बांधलेला होता. गल्लीतल्या बठ्ठ्या बाया, लहानथोर सगळ्या, जमल्या होत्या. तू सरपंचांच्या घरून लांब वायर ओढलीस, एक माइक बायांसमोर ठेवलास आणि दुसरा फांदीला उलटा टांगलास. माय खालून बघत राहिली आणि म्हणाली, "हाई काय टांगं रे बापू, गिलकं शे का?"

माइकला घोसाळं म्हटल्यावर सगळ्या हसल्या. तू नाही हसलास. तू तिला खाटेवर बसवलंस आणि बजावलंस, "माय, हलायचं नाही. इथंच बसून गा."

मायनं पदर सावरला, घसा साफ केला, एक ओळ म्हटली आणि थांबली. दुसरी येईना. पुन्हा पहिली म्हटली. पुन्हा अडली. वयाची सोळा वर्षं व्हायच्या आधीपासून जी गाणी ती झोपेतही म्हणेल असं आपल्याला वाटायचं, ती तिला खाटेवर बसून येईनात. मग ती रागावलीच. "झोकावर बठाबिगर माले गानं येत नही. मी काय रेडिओ शे?"

तू डोक्याला हात लावलास. झोका म्हणजे माय एकदा माइकजवळ आणि एकदा निंबापलीकडे, हे तुला दिसत होतं. पण इलाज नव्हता. ती झोक्यावर बसली, मी मागून ढकललं, पाय जमिनीवरून सुटले आणि गाणं आलं. एकामागून एक सगळी आली. भावाची वाट बघणारं आलं, गौराईचं आलं, आणि शेवटी ते जे ती फक्त आखाजी संपता संपता म्हणायची, ज्यात सासरी परत निघालेली लेक निंबाला सांगते की माझा झोका सोडू नकोस, दोर तसाच राहू दे. ते म्हणताना तिनं इतका उंच झोका घेतला की माझे हात पोचेनात. तू निंबाच्या बुंध्याशी कानाला तो काळा हेडफोन लावून उभा होतास आणि तुझा चेहरा असा, जणू कुणी तुझ्या खिशातून काही काढून घेतंय.

पुढे आपले आबा गेले, माय एकटी पडली आणि तुझ्याकडे धुळ्याला आली. टेप तुझ्या कपाटात. कितीतरी दिवस तू तिला हात लावला नाहीस. मग त्या इंग्रजी मासिकात तुला कुठलासा फोटो दिसला आणि तुझी झोप उडाली. मोठ्या शहरातल्या स्टुडिओत म्हणे एक यंत्र असतं, त्याच्या काचेवर आवाज दिसतो. जाडा आवाज डावीकडे, बारीक उजवीकडे, जो जेवढा मोठा तेवढी त्याची रेघ उंच. गाणी मिसळताना कुठला आवाज कुणाच्या अंगावर बसलाय, कुठला हरवलाय, ते त्यात बघून कळतं. तसलं यंत्र इथं धुळ्यात, पांझरेच्या काठी कोण आणणार? तू बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला भोकं पाडलीस आणि ओळीनं पाच बारके बल्ब बसवलेस. पहिला ढोलाचा. दुसरा पुरुषाच्या गळ्याचा. तिसरा बाईच्या. चौथा शब्दांच्या धारेचा, म्हणजे च, स, श जिथे कापत जातात तो. आणि पाचवा बांगड्यांचा, पानांच्या सळसळीचा. जो आवाज आला त्याचा दिवा पेटायचा. डब्याचं नाव तू ठेवलंस पंचायत.

मी म्हटलं, "गावातली पंचायत कमी होती, म्हणून घरात आणलीस?"

"ही पैसे खात नाही, अक्का."

"मग तो पहिला पंच का सारखा पेटलेला? काही वाजत नाही तरी."

तू कान दिलास आणि म्हणालास, "शेजारची गिरणी. तो पीठ खातोय."

त्यानंतर तू गिरणी दुपारची बंद झाली की कामाला बसायचास. जेवण गार. सुमन बिचारी ताट झाकून ठेवायची. मी आले की मला शेजारी बसवायचास, आणि आपलं भांडण व्हायचं.

कशावरून, ते मी विसरलेले नाही. एका टेपवरून गाणं निघायचं, तुझ्या बटनांतून जायचं आणि दुसऱ्या मशीनच्या टेपवर उतरायचं. माय जवळ आली की पाचही दिवे लख्ख. झोका मागे गेला की चौथा मंद, पाचवा विझलेला. पुन्हा आली, पुन्हा पेटले. तू दरवेळी ती मागे गेली की बारीक आवाजाचं बटन चढवायचास, आवाज थोडा वाढवायचास, आणि ती जवळ आली की उतरवायचास. एका गाण्याला किती वेळा, ते तुझ्या मनगटाला ठाऊक. शेवटी पाचही दिवे सरळ रेषेत जळायचे आणि तू असा खूश व्हायचास, जशी शेतातली पाण्याची चारी सरळ पडावी.

मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "बापू, तू मायचा झोका थांबवलास."

"मी आवाज मरत होता तो वाचवला. बघ ना, इथं दिवा विझतो."

"मरत नाही रे, माय मागे जाते. परत येते."

"तुला ठाऊक आहे ती मागे गेली. तू ढकलत होतीस. ज्याला ऐकूनही कळणार नाही त्यानं काय करायचं?"

"असा कोण आहे?"

तू मान खाली घालून डब्यावरची धूळ फुंकलीस. मला वाटलं, हरला. मी आणखी चढले. म्हटलं, कान कशाला दिलाय देवानं, त्या डब्याला गाण्यातलं काय कळतं?

"काही कळत नाही," तू म्हणालास. "म्हणूनच तर ठेवलाय. कान लबाड असतो, अक्का. दिवसभर बँडशेजारी उभा राहिलो की संध्याकाळी मला सगळंच गोड लागतं. सर्दी झाली की वेगळं, भांडण झालं की वेगळं. ह्याला सर्दी होत नाही."

"आणि त्याला माय पण नाही."

ह्यावर मात्र तू हसलास. मोठ्यानं हसलास, सुमन बाहेर आली बघायला. म्हणालास, पुढच्या वेळी ये, शेवटचं गाणं झालेलं असेल, मग सगळी सलग ऐकवतो आणि मग भांड. मी जळगावची गाडी पकडली. गाडीत बसून मी तुला द्यायची उत्तरं जुळवत होते. पारोळ्यापर्यंत तर मी जिंकले पण होते.

ती उत्तरं आता मी काय करू?

तू गेल्याची बातमी मायला कुणी सांगायची, हे इथं आल्यावर कळलं. सुमनच्यानं होईना. मी मायच्या शेजारी बसले, तिचा हात धरला आणि हळू सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "माले ऐकू नही वनं. जोरमा सांग." बापू, घर माणसांनी भरलेलं होतं. मला ते ओरडून सांगावं लागलं. दोनदा. असलं वाक्य ओरडायचं असतं का? मी आजवर तुझ्यावर रागावले ते सगळं एकीकडे, आणि हे एक एकीकडे. ह्याचा राग अजून गेलेला नाही, आणि तो कुणावर काढू ते समजत नाही.

त्यानंतर माय नुसती शेंगा निवडत बसायची. तेराव्यानंतर एका दुपारी, गिरणी बंद होती, तिनं पुढच्या खोलीतल्या तुझ्या रेडिओच्या दुकानाकडे बोट केलं आणि म्हणाली, "लाव." सुमनला मशीन चालवता येतं, तू शिकवलंस ते बरं केलंस. तिनं गावची मूळ टेप लावली, जशी भरली होती तशी. माझी लाडकी. झोका आला, माय ऐकत होती. झोका मागे गेला, आणि माय सुमनकडे वळली. "बंद पडनं का?" पुन्हा आला, पुन्हा गेला. "बंद पडनं का वं सुमन?" तिला अर्धंच गाणं ऐकू येत होतं. तेव्हा मला एकेक गोष्ट लक्षात आली. तिला गिरणीची घरघर कळते, ट्रक कळतो, चिमण्या कळत नाहीत. सुमनच्या बांगड्या कळत नाहीत. तिच्या कानातले शेवटचे दोन दिवे केव्हाच विझलेत, आणि हे आपल्या घरात एकट्या तुला दिसलं होतं.

सुमननं टेप बदलली. तू सरळ केलेली लावली. माय ऐकत राहिली. तिनं एकदाही विचारलं नाही. आणि मग मी तिचे पाय बघितले. खाटेखाली तिचे पाय जमिनीला रेटा देत होते, बरोबर तिथे, जिथे झोका परत फिरतो. मला वाटत होतं तू झोका काढून टाकलास. तो तिच्या पायांत होता, तुला फक्त तिच्यापर्यंत शब्द पोचवायचे होते.

एवढं एक वाक्य सांगायला तुझं काय जात होतं रे? "अक्का, मायला ऐकू येत नाही." मी भांडले असते का? भांडले असते बहुतेक. पण दुसऱ्या कशावरून तरी भांडले असते.

आता राहिलं शेवटचं गाणं. ते तू सरळ केलेलंच नव्हतंस. ते लागलं की माय निम्मं ऐकते आणि विचारते, "पुढली ओळ कोठे गयी?" मी कानाशी जाऊन ओळ सांगते, तोवर पुढची निघून गेलेली असते. रोज हेच. म्हणून मी ठरवलं, मीच करते.

हसू नकोस. मी कुठे शिकलेय? तू तरी कुठे शिकला होतास? सुमननं दोन्ही मशीनं जोडली, कुठलं बटन कशाचं ते दाखवलं, आणि मी बसले. पहिल्यांदा मी डबा बाजूला सारला. डोळे मिटले आणि कानानं केलं. झोका मागे गेला की थोडं चढव, आला की उतरव. मला छान वाटलं, सुमनलाही वाटलं. मायला ऐकवलं. ती म्हणाली, "आजून बंद पडस." माझा कान मला झोक्यापलीकडचंही सगळं ऐकवत होता ना. तिच्या कानाला किती कमी पडतंय, ते माझ्या कानाला कसं कळावं? तेव्हा बापू, मी तुझा डबा समोर ओढला. आधी तू केलेलं एक गाणं लावलं आणि माय मागे असताना चौथा-पाचवा दिवा किती पेटतो ते नीट बघून ठेवलं. मग शेवटचं गाणं लावलं आणि दिवे तेवढेच पेटेपर्यंत बटन फिरवत राहिले. तुझ्यासारखी मान खाली घालून. सुमन मागून म्हणाली, "अक्का, ताट झाकून ठेवू का?" आणि म्हणता म्हणता तिचं तिलाच कळलं, ती हे कुणाला म्हणायची.

गाणं शेवटाला आलं. तो उंच झोका. माय पार निंबापलीकडे गेली, दोन्ही दिवे विझले, मी बटन खूप चढवलं. पानांची सळसळ आली, दोराची करकर आली, आणि तिच्या मधोमध तू बोललास.

"हयू वं माय. पडशी."

इतकंच. हळू घे झोका, पडशील, म्हणून. कुजबुजत, भ्यालेला. मूळ टेपवर ते कधी कुणाला ऐकू आलं नव्हतं, कारण तिथे आवाज तुटपुंजा होता आणि आम्हाला वाटायचं तिथे काहीच नाही. माझा हात बटनावरून उडाला. दिवे विझले. सुमननं मशीन बंद केलं.

दोन दिवस मी ते मशीन लावलं नाही. तुझ्या पद्धतीनं बघितलं तर तो गाण्यावर पडलेला डागच. कुणाच्या टेपवर असा आवाज आला असता तर तू तेवढं दाबलं असतंस, मला ठाऊक आहे. तिथं बटन न चढवता सोडून दिलं की तू ऐकू येत नाहीस, पण मग मायची ओळही जाते, दोर सोडू नकोस म्हणते ती. ओळ आणायची तर तुझ्यासकट येणार. सुमनला विचारलं. ती म्हणाली, "अक्का, मला तर ह्यांचा आवाज ऐकवत नाही. पण गाणं मायचं आहे. त्यांचं काय ते त्यांना ठरवू द्या." 

मग आज दुपारी मी केलं. बटन पूर्ण चढवलं आणि हात तिथेच धरून ठेवला. टेप उतरली. मायला खाटेवर बसवून लावली. ती ऐकत होती, पाय चालले होते. उंच झोका आला. तुझा आवाज आला. माय थबकली, मशीनकडे बघितलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"तू गप ऱ्हाय. माले गाऊ दे."

आणि ओळ पुरी ऐकली.

तिला काही भास झाला नव्हता, बापू. मी ओरडून सांगितलेलं तिला पोचलेलं आहे, ती रोज तुझ्या फोटोसमोर दिवा लावते. पण तू तिच्या गाण्यात बोललास, म्हणून तिनं तुला दटावलं. गाणं संपल्यावर ती माझ्याकडे वळली आणि विचारलं, "तो तठे होता का?" मी म्हटलं, होता. म्हटलं म्हणजे ओरडले. ह्या वेळी ओरडताना मला काही वाटलं नाही. तिनं मान हलवली आणि म्हणाली, परत लाव.

तेव्हापासून मी इथे बसून तुझ्याशी बोलतेय आणि मला चैन नाही. कारण एक गोष्ट मला कुणीच सांगू शकत नाही. बाकीची गाणी तू केलीस, हेच मागे का ठेवलंस? वेळ मिळाला नाही म्हणून? की तुलाही तो आवाज सापडला होता, आणि स्वतःला दाबायचं की राहू द्यायचं हे ठरेना? का तुला कळलं होतं आणि तू ते कुणा दुसऱ्याच्या हातासाठी ठेवलंस? सुमनला विचारलं, तिला माहीत नाही. तुझ्या पंचायतीला विचारून उपयोग नाही, ती किती आवाज तेवढंच सांगते.

ऐक आता. आखाजी जवळ आली आहे. ह्या वर्षी आपल्या घरी झोका नाही, पण पितरांची घागर भरायची आहे, आणि ती तुझ्या नावाची आहे. मी आणि सुमन सांजोऱ्या करू, आंब्याचा रस काढू, घागरीवर डांगराचं फळ ठेवू. मायला घेऊन गावी जाऊ, तिचा हट्टच आहे. घास टाकताना मी तुला हाक मारीन, आणि मायला कळावं म्हणून मोठ्यानं मारीन. आखाजीची वाट बघत बसू नकोस, त्याआधी सवड झाली तर त्याआधी ये. एखाद्या दुपारी, गिरणी बंद असताना. माझी उत्तरं तयार आहेत, ती मी जिंकायला म्हणून देणार नाही, तू फक्त हे गाणं मागे का ठेवलंस तेवढं एक सांग आणि हवं तर लगेच परत जा. पण ये. लवकर ये रे बापू.